कुत्र्यांनी शेळी फाडली तर: मारण्याआधी काय कराल

मुरबाड-शहापूरकडे कुत्र्यांची टोळी गोठ्यात शिरली की पहिला हात काठीकडे जातो. हाकलणं वेगळं, मागे लागून मारणं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राणी मारल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही; भटका कुत्राही त्यात आला. दुसरा मार्गच नव्हता, हेतू फक्त नुकसान टाळण्याचा होता, हा बचाव कलम १९ मध्ये आहे. पण हल्ला चालू असतानाचा पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी विष घातलेलं मटण टाकलंत, तर तो बचाव संपलाच. वर ते शेजाऱ्याचं पाळीव जनावर खाणार नाही, याची हमी कोण देणार?

मेलेली शेळी लगेच पुरू नका. जखमांचे जवळून फोटो काढा. कुत्रे बहुधा मागचे पाय, मांड्या, पोट फाडतात. बिबट्या नरडं धरतो. येऊरसारख्या जंगलालगत हा फरक महत्त्वाचा, कारण बिबट्याची भरपाई वनखातं देतं, कुत्र्याची नाही. शंका असेल तर वनरक्षकाला त्याच दिवशी बोलवा.

सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. विमा असेल तर कानातला बिल्ला जपा, तो नसेल तर दावा अडतो. कुत्रा पाळीव असल्यास मालकाविरुद्ध पोलिसांत कलम २९१ खाली तक्रार द्या. भटका असल्यास ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला निर्बीजीकरणासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्याच.

वाचलेल्या जनावराची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हातमोजे घालून. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा.