जॉली बॉयला निघण्याआधी पिशवी आदल्या रात्री रिकामी करा

जॉली बॉय बेटावर प्लास्टिक न्यायला बंदी आहे, आणि मागच्या खेपेला चौघांत मिळून एकही स्टीलची बाटली नव्हती, म्हणून ही यादी. अंदमानचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली झालं. त्यात १५ बेटं आहेत, पण पर्यटकांना उतरू देतात ते जॉली बॉय किंवा रेड स्किनवर. दोन्ही एकाच वेळी उघडी नसतात. ढोबळमानाने नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, उरलेले महिने रेड स्किन. मुलांच्या सुटीत मेअखेरीस जाणाऱ्यांनी जॉली बॉयचे फोटो बघून तिकिटं काढू नयेत. सोमवारी सगळंच बंद.

परवाना वन विभागाचा, आणि तो आधीच काढायचा. बोटी जिथून सुटतात त्या वांडूरच्या धक्क्यावर ऐनवेळी मिळेल या भरवशावर जाऊ नका, रोज ठरावीकच माणसं सोडतात. परवान्याची छापील प्रत आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक बरोबर असतील तर त्यांचा पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात ठेवून येऊ नका. परवाना आणि बोटीचं तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी, दोन्हींचे पैसे वेगळे. रोख ठेवा, सुट्टे ठेवा.

आता पाणी. बेटावर दुकान नाही, नळ नाही. माणशी दीड ते दोन लिटर लागतं, कारण बोट सकाळी सुटते आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत तुम्ही तिथेच असता, वर तोंडात खारं पाणी जातं ते वेगळंच. हे पाणी बिसलरीच्या बाटलीतून न्यायचं नाही. स्टीलची बाटली. विमानतळावर घेतलेली बाटली चालत नाही, ‘परत आणतो ना’ म्हटलेलंही चालत नाही. धक्क्यावर पिशव्या उघडून बघतात. भाड्याच्या बाटल्या मिळतात, अनामत ठेवून, पण सगळ्या बोटीचे लोक तिथेच रांगेत असतात आणि आपल्याला हव्या तेवढ्या मिळतीलच असं नाही. तेव्हा स्टीलची बाटली, माणशी एक मोठी, घरून. सूटकेसमध्ये जागा नाही म्हणून ती काढून तिथे हेअर ड्रायर ठेवणाऱ्यांना काय सांगणार.

प्लास्टिक म्हणजे फक्त बाटली नव्हे, इथेच सगळे अडकतात. बिस्किटाचा पुडा, वेफर्स, चकलीची झिपवाली पिशवी, शांपूची पुडी, ओले कपडे कोंबायला घेतलेली कॅरीबॅग, सगळं आलं. बिस्किटं आणि दशम्या स्टीलच्या डब्यात, केळी तशीच, ओल्या कपड्यांना कापडी पिशवी आणि एक जुना पंचा. पिशवीच्या आतल्या कप्प्यांतही हात घाला, गोळ्या-चॉकलेटचे कागद तिथेच सापडतात. हे काम आदल्या रात्री करायचं. पहाटे होत नाही.

पहाटे म्हणजे खरंच पहाटे. अंदमान इतकं पूर्वेला, आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे उजाडतं लवकर आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ते वांडूर सुमारे ३० किलोमीटर, गाडीला तास धरा. सेल्युलर जेल त्याच दिवशी उरकायचा बेत करू नका. तो दिवस वेगळा ठेवा, तेवढा त्याचा मान आहे.

बोट लागत असेल तर अ‍ॅवोमिनची गोळी निघण्याआधी, पोट ढवळायला लागल्यावर नव्हे. तिने झोप येते. पेंगत असाल तर पाण्यात उतरू नका.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या लहान बोटीतून किनाऱ्यावर सोडतात. पाय भिजतातच. बूट नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला वाहून जातात. पाण्याखाली बघायचा स्नॉर्केलचा मास्क भाड्याने मिळतो. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. केस मधे आले किंवा मिशी जाड असली की पाणी शिरतं. चष्मा आत मावत नाही. नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क आधीच विकत घ्या, नाहीतर प्रवाळ म्हणजे नुसते रंगीत डाग. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा. पाठ भाजत नाही, आणि सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी घातक द्रव्यं प्रवाळावर जात नाहीत. ओहोटीला पाणी गुडघाभर असतं, तेव्हा दम लागला की लोक प्रवाळावरच उभे राहतात. तो दगड नाही, जिवंत आहे, घुमटासारखा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढला तरी पुष्कळ. लाइफ जॅकेट घाला म्हणजे उभं राहायची वेळच येत नाही.

टोपी, टॉवेल, औषधं: तुम्हाला माहीत आहे. फोनला रेंज धरू नका.

परतल्यावर वांडूरच्या किनाऱ्यावर डुंबायचं असेल तर जाळी लावलेल्या भागातच, या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. शंख-प्रवाळ उचलू नका, मेलेला तुकडाही नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. कचरा परत आणा. भाड्याची बाटली घेतली असेल तर ती देऊन अनामत मागून घ्या, गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर आठवून उपयोग नाही.