कामगार प्रशिक्षणाची आखणी आणि मूल्यमापन: सुरुवात कोठून करावी

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीन शॉपमध्ये प्रशिक्षणाचे काम माझ्याकडे होते, तेव्हा आम्ही ऑपरेटरांसाठी मोजमापाच्या साधनांवर दोन दिवसांचा वर्ग घेतला. शिकवणारे गृहस्थ जाणकार होते, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने प्रत्येकाच्या हातात दिली होती, आणि शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायांत जवळजवळ सर्वांनी वर्ग उपयुक्त झाल्याचे लिहिले होते. पुढच्या दोन महिन्यांत रिजेक्शन, म्हणजे मापात न बसल्याने बाद होणारा माल, मात्र जराही कमी झाले नाही. नंतर लाइनवर उभे राहून पाहिल्यावर कारण सापडले. तीन मशीनांमध्ये मिळून एकच बोअर गेज (छिद्राचा आतला व्यास मोजण्याचे साधन) होता. तो आणायला उठले की तासाचे उत्पादन मागे पडत असे, म्हणून ऑपरेटर पाच-सहा जॉब (मशीनवर तयार होणारे भाग) काढून झाल्यावर एकदाच मोजत होते. मोजायचे कसे हे त्यांना आधीपासूनच येत होते.

तेव्हापासून कोणत्याही प्रशिक्षणाचा पहिला कागद मी मूल्यमापनाचा करतो. तीन महिन्यांनी कामाच्या जागी नेमके काय वेगळे दिसायला हवे, ते कोण पाहणार आणि कोणत्या रजिस्टरमध्ये नोंदवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिता येत नसतील, तर प्रशिक्षकाची तारीख ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरज खरोखर प्रशिक्षणाची आहे का?

प्रशिक्षणाची गरज तीन ठिकाणी शोधावी, ही मांडणी विल्यम मॅकगीही आणि पॉल थेअर यांनी १९६१ साली केली आणि ती आजही उपयोगी पडते: संपूर्ण संस्था, प्रत्यक्ष काम, आणि ते काम करणारी व्यक्ती. संस्थेच्या पातळीवर रिजेक्शन आणि रीवर्कची (पुन्हा दुरुस्त करून घ्याव्या लागलेल्या मालाची) रजिस्टरे, ग्राहकांच्या तक्रारी आणि अपघातांच्या नोंदी काढून त्यांची मशीनवार, शिफ्टवार आणि कारणवार विभागणी करावी. 'एकूण रिजेक्शन वाढले आहे' या वाक्यावरून काहीच आखता येत नाही. 'तिसऱ्या शिफ्टमध्ये सेटिंग बदलल्यानंतरचे पहिले काही जॉब बाद होतात' या वाक्यावरून बरेच काही आखता येते. कामाच्या पातळीवर चांगल्या ऑपरेटरशेजारी किमान अर्धी शिफ्ट उभे राहावे आणि तो जे करतो ते, तो जे सांगतो त्यापेक्षा वेगळे असले तरी, जसेच्या तसे लिहून घ्यावे. व्यक्तीच्या पातळीवर कोणाला काय येते याचा तक्ता करावा. बहुतेक कारखान्यांत असा तक्ता, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, भिंतीवर लावलेली असते, पण ती ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरलेली असेल तर तिच्यावर विसंबू नये.

यानंतर एकच प्रश्न शांतपणे विचारावा: हे काम माणसाला करताच येत नाही, की करता येत असूनही तो करत नाही? येत असूनही होत नसेल, तर अडचण साधनांत, लक्ष्याच्या आकड्यात, सूचनेत किंवा पगाराच्या पद्धतीत असते आणि वर्ग घेऊन ती सुटत नाही. तासगावकडच्या बेदाणा निवडणीचे उदाहरण घ्यावे. दोन टेबलांवरच्या महिला एकाच मालाची वेगवेगळी प्रतवारी करत असतील, तर त्यांना निवडणी येत नाही असे लगेच म्हणता येणार नाही. कोणता रंग कोणत्या प्रतीत जातो, याचा ठरावीक नमुना प्रत्येक टेबलावर ताटलीत ठेवला आणि उजेड सारखा केला, तर अर्धा फरक तेथेच मिटण्याची शक्यता असते. उरलेल्या फरकासाठी प्रशिक्षण द्यावे.

उद्दिष्ट कसे लिहावे

'कामगारांना गुणवत्तेचे महत्त्व समजेल' हे उद्दिष्ट नव्हे, कारण समजले की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सांगितल्याप्रमाणे उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात: दिसणारी कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची, आणि कितपत अचूक करायची. उदाहरणार्थ, 'ड्रॉइंग आणि गेज समोर असताना ऑपरेटर कोणाचीही मदत न घेता पहिला जॉब तपासेल, फरक आढळल्यास टूल ऑफसेट (मशीनमध्ये भरलेले हत्याराच्या स्थितीचे माप) दुरुस्त करील आणि त्यानंतरचे सलग दहा जॉब मापात काढील.' असे वाक्य लिहिले की परीक्षा कोणती घ्यायची हेही त्यातच ठरून जाते, आणि प्रशिक्षकाच्या तयार स्लाइडपैकी कोणत्या गाळायच्या हेही कळते.

शिकवण्याची पद्धत आणि वेळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकेत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी कामाच्या जागेवरच शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. शिकणाऱ्याची भीड मोडून त्याला तयार करायचे, काम करून दाखवायचे, त्याच्याकडून करून घ्यायचे, आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवत हळूहळू मदत कमी करायची. आपल्याकडे दुसरी पायरी लांबते आणि तिसरी बहुधा गाळली जाते. करून घेताना शिकणाऱ्याने प्रत्येक पायरी आणि ती तशी करण्याचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. नुसत्या मान डोलावण्यावर समाधान मानू नये.

शिकवायला लाइनवरचा जुना हात घ्यावा, मात्र त्याच्याबरोबर बसून कामाचे तुकडे आधी पाडून घ्यावेत. वीस वर्षे तेच काम केलेल्या माणसाच्या हाताला सवय झालेली असते, त्यामुळे कळीच्या गोष्टी त्याच्या सांगण्यातून निसटतात. इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक) बसवण्यापूर्वी त्याची बैठक पुसून घेणे ही त्याच्या दृष्टीने सांगण्याची गोष्टच नसते, आणि नव्या मुलाचा जॉब नेमका तेथेच बिघडतो. पायरी, त्यातील कळीचा मुद्दा आणि त्याचे कारण असे तीन रकाने एका पानावर मराठीत लिहावेत. परप्रांतातील कामगार असतील तर हिंदीतही लिहावेत. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांना सगळी लाइन अण्णा किंवा मामा म्हणून हाक मारते, त्यांची चूक नुकत्याच आयटीआयमधून आलेल्या मुलांसमोर दाखवू नये. त्यांची चाचणी स्वतंत्र घ्यावी, अन्यथा ते पुढच्या वर्गाला येतील, पण हात लावणार नाहीत.

वेळापत्रक आखताना गावाकडचे कॅलेंडर पाहावे. कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस भागातून येणाऱ्या अनेक कामगारांची द्राक्षबाग किंवा ऊस असतो, आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ठेवलेल्या वर्गाला हजेरी तरी कमी लागते किंवा मन तरी शेतात असते. साखर कारखान्यात हंगाम बंद असताना प्रशिक्षण देणे सोयीचे वाटते, परंतु मे महिन्यात शिकवलेले गाळप सुरू होईपर्यंत टिकत नाही. वापर नसेल तर शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते, हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते. म्हणून मूळ वर्ग उन्हाळ्यात घेतला तरी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधीच्या आठवड्यात प्रत्यक्ष यंत्रावर एक उजळणी ठेवलीच पाहिजे.

चार पातळ्यांवर मूल्यमापन

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या जगभर वापरल्या जातात: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम. पहिल्या पातळीसाठी अभिप्रायाचे अर्धे पान पुरे. वर्ग आवडला याचा अर्थ शिकणे झाले, असा होत नाही. दुसऱ्या पातळीसाठी तीच प्रात्यक्षिक चाचणी प्रशिक्षणाआधी आणि नंतर घ्यावी. आधीची चाचणी न घेतल्यास, जे पूर्वीपासून येत होते तेही आपल्या खात्यावर जमा होते. आमचे नेमके हेच झाले होते.

तिसरी पातळी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी तीच सुटते. शिकलेली गोष्ट कामगार मशीनवर करतो का, हे तीस आणि नव्वद दिवसांनी, त्याला आधी न सांगता, पाच-सहा मुद्द्यांच्या यादीवर पाहावे. हे निरीक्षण सुपरवायझरने करायचे असल्यामुळे त्याला वर्गाच्या आधीच विश्वासात घ्यावे. 'वर्गात सांगितलेले वर्गात, इथे माल निघाला पाहिजे' असे तोच म्हणाला, तर शिकवलेले त्याच संध्याकाळी पुसले जाते. यादीतील मुद्दा पाळला जात नसेल तर कामगाराला दोष देण्यापूर्वी अडथळा काय आहे, हे त्याच्या शेजारी उभे राहून विचारावे.

चौथ्या पातळीवर आकड्यांची घाई करू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीत रस्ते बंद पडले आणि माणसे घराबाहेर अडकली. त्या तिमाहीतील उत्पादनाची आधीच्या तिमाहीशी तुलना केली असती, तर ते पुराचे मोजमाप झाले असते, प्रशिक्षणाचे नव्हे. यावर साधा उपाय असा की सर्व शिफ्टना एकाच वेळी शिकवू नये. एका शिफ्टला आधी शिकवावे, दुसरीला दोन महिन्यांनी, आणि मधल्या काळात एकाच प्रकारच्या मशीनवरचे दोघांचे आकडे शेजारी ठेवावेत. शिफ्टची माणसे फिरती असतील तर ही तुलना मशीनवार न करता नावानिशी करावी.

खर्चाचा हिशेब जॅक फिलिप्स यांनी नंतर जोडलेल्या पाचव्या पातळीत येतो. समजा, प्रशिक्षकाचे मानधन, कामगारांचे पगार आणि थांबलेले उत्पादन धरून खर्च ६०,००० रुपये झाला, महिन्याला ४० जॉब बाद होण्यापासून वाचू लागले आणि एका जॉबमागचे नुकसान ४५० रुपये आहे. म्हणजे दरमहा १८,००० रुपये वाचतात आणि खर्च चौथ्या महिन्यात भरून निघतो. मात्र त्याच महिन्यात नवा गेज घेतला असेल, तर ही सगळी बचत प्रशिक्षणाच्या नावावर टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अहवालात दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहाव्यात.

आमच्या त्या शॉपमध्ये आम्ही पुढे आणखी दोन बोअर गेज घेतले आणि महिनाभर काहीही शिकवले नाही, फक्त नोंदी ठेवल्या. बाद होणारे जे जॉब त्यानंतरही उरले, ते बहुतेक चार नव्या ट्रेनींचे होते. त्यांच्यासाठी वर्ग भरवला नाही. एका अनुभवी ऑपरेटरने शिफ्ट सुरू होताना रोज अर्धा तास, आठवडाभर, त्यांच्या मशीनपाशीच उभे राहून त्यांच्याकडून पहिला जॉब तपासून घेतला.