एक्समूर दोन दिवसांत कसं बघाल

एक्समूर म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडमधलं समुद्रकाठचं, माळरानाचं राष्ट्रीय उद्यान. पहिलीच सूचना: डन्स्टर गावचा किल्ला पावसासाठी राखून ठेवा. आभाळ मोकळं असेल तर थेट किनाऱ्यावरचं लिनमथ गाव गाठा. माइनहेडकडून येताना पोर्लॉक हिल लागते; चढ काही ठिकाणी चारास एक, म्हणजे चार फूट पुढे गेलं की एक फूट वर. घाटात हात बसलेला माणूसही इथे मुकाट पहिला गिअर टाकतो. छाती होत नसेल तर शेजारचा टोल रस्ता घ्या. थोडे पैसे जातात, पण मधूनमधून समुद्र दिसतो.

लिनमथहून वर लिंटनला क्लिफ रेल्वेने जा. १८९० पासून ती निव्वळ पाण्यावर चालते. दोन डबे एकाच दोराने जोडलेले. वरच्याच्या टाकीत वेस्ट लिन नदीचं पाणी भरतात, खालचा आपलं पाणी सोडून देतो. मग जड झालेला डबा उतरता उतरता दुसऱ्याला वर ओढतो. मला विचाराल तर एक फेरी सोडा आणि खालीच उभं राहून पाणी सुटताना बघा. हिवाळ्यात मात्र ती बंद असते. हीच वेस्ट लिन नदी, ईस्ट लिनला सोबत घेऊन, १५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री लिनमथवर धावून आली. ३४ माणसं गेली.

लिंटनहून व्हॅली ऑफ रॉक्सला नॉर्थ वॉकने चालतच जा. डावीकडे कडा, उजवीकडे खाली समुद्र, वाटेत रानटी शेळ्या. चक्कर येणाऱ्यांनी कड्याच्या बाजूने चालावं.

दुसऱ्या दिवशी माळ. डंकरी बीकन, ५१९ मीटर, इथलं सर्वात उंच ठिकाण. ऑगस्टमध्ये जमलं तर उत्तमच, हेदरची झुडपं फुलून सगळा माळ जांभळा होतो. हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडे वेल्स दिसतं. एक्समूर पोनी ओळखायची खूण म्हणजे तोंडाशी आणि डोळ्यांभोवती पीठ लागल्यासारखा फिकट रंग. त्यांना काहीही खायला घालू नका.

परतताना टार स्टेप्स: बार्ल नदीवरचा १७ गाळ्यांचा दगडी पूल. पुरात शिळा वाहून जातात, म्हणून त्यांना नंबर दिलेत; शोधून पुन्हा जागच्या जागी बसवतात.

मुक्काम अमावास्येच्या आसपास धरा. २०११ साली युरोपातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेला प्रदेश, एक्समूरच ठरलं. टॉर्च लाल उजेडाचा घ्या. मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल ९ नकाशा जवळ असू द्या. आणि नेच्यांतून चालला असाल तर रात्री पाय नीट तपासा. हरणांचा मुलूख आहे, गोचीड चिकटते.