आधी घर वाळवायचं, मग सजवायचं

गणपती गेले की आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांना एक वास सुटतो. चार महिने भिजलेल्या भिंतींवर पहिलं कडक ऊन पडलं की येणारा. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, तो वास आला की म्हणायच्या, "चला, वाकळा काढा." आमच्याकडं शरदाचं स्वागत असं होतं. फुलं, तोरणं, दिवे सगळं नंतर. आधी घर कोरडं.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. पाऊस परतलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं निळं आणि दुपारचं ऊन चटका देणारं. या उन्हाला लोक नावं ठेवतात, पण घराला त्याच्याइतकं औषध दुसरं नाही. पितृपक्षाचे पंधरा दिवस हाताशी असतात, तेवढ्यात हे काम उरकावं. वाकळा, गाद्या, उशा सकाळी अकरा ते तीन गच्चीवर टाकायच्या, दर तासाला उलटायच्या आणि ऊन कलायच्या आत खाली आणायच्या. संध्याकाळचं दव बसलं की दिवसभराची मेहनत वाया जाते. पूर्वी नवरात्राआधी सगळी धुणी पंचगंगेवर जायची. आता साबणाचं पाणी नदीत सोडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून आम्ही घरामागच्या परड्यातच धुतो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. मागची बुरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कोरडी झाडलीत तर ती घरभर उडते.

आता भिंती. इथं मी जरा थांबून सांगणार आहे, कारण माझी चूक महागात पडली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, कमरेपर्यंत आलं. पाणी उतरलं, चिखल काढला आणि दसरा तरी नीट व्हावा म्हणून मी घाईघाईनं भिंतींना ऑइलपेंट लावून घेतला. वरून भिंत सुकी दिसत होती, आत पाणी तसंच होतं. दिवाळीत पंजाएवढाले पापुद्रे सुटून खाली पडायला लागले. ऐन लक्ष्मीपूजनाला मी पाटाभोवतीचे तुकडे गोळा करत होते.

तेव्हापासून मी आधी परीक्षा घेते. प्लॅस्टिकच्या पिशवीचा वीतभर चौकोन कापायचा, भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि एक पूर्ण दिवस तसाच सोडायचा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर त्या भिंतीला यंदा रंग नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या, पंखा लावायचा आणि वाट बघायची. जुन्या माती-दगडाच्या भिंतीला चुनाच चांगला. तो भिंतीतली ओल बाहेर येऊ देतो, ऑइलपेंट ती कोंडतो. कळीचा चुना आणलात तर चुन्यावर पाणी ओतू नका. पाण्यात थोडा थोडा चुना सोडा, तोही लोखंडी बादलीत आणि मुलांना लांब ठेवून, कारण पाणी उकळतं. रात्रभर मुरू द्या, सुती कापडातून गाळा, चिमूटभर नीळ घाला. हात पातळ द्यायचा, दुधाएवढा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात टिकतात. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला की सोपा एकदम उजळतो. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच.

घट, माळा आणि तोरण

घटस्थापना ही माझ्या मते शरदातली सगळ्यात सुंदर सजावट, कारण ती रोज बोटभर वाढते. शेतातली काळी माती आणायची, खडे काढून चाळायची. परडीत पत्रावळ, तिच्यावर दोन बोटं मातीचा थर, त्यावर गहू, ज्वारी आणि घरात असेल ते धान्य. बी रात्रभर भिजवून घेतलं तर कोंब एक दिवस लवकर येतो. मग पुन्हा मातीचा पातळ थर. मध्ये मातीचाच घट, कच्चा न दिसणारा पण आतून चकचकीत न केलेला. तो पाझरतो आणि माती हवी तेवढी ओली राहते. म्हणूनच तांब्याच्या कलशाभोवती धान उगवायला त्रास होतो आणि वरून पाणी घालावं लागतं. घालायचंच असेल तर हातानं शिंपडा. तांब्यानं ओतलंत तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास येईल आणि बी कुजेल.

चौथ्या माळेला जवळ जाऊन बघा. मातीला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि ज्वारीचा कोंब डोक्यावर मातीचा कण घेऊनच वर आलेला असतो. देवघर अंधारं असेल तर धान पिवळं निघतं, उजेड मिळाला तर हिरवं. दोन्ही रंग देवीचेच, आमच्याकडं त्यावरून कुणी शकुन काढत नाही. दसऱ्याला हे तुरे पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या अंबाड्यात. माळेसाठी कारळ्याची पिवळी फुलं मिळाली तर तीच घ्या. ती नाजूक असतात, सकाळी आणून लगेच ओवावी लागतात.

झेंडूचं तोरण सगळेच करतात, पण ते दुसऱ्या दिवशीच माना टाकतं, कारण आपण फुलांवर पाणी मारतो. मारू नका. कपिलतीर्थ मंडईत फुलं घेताना पाकळ्या बघू नका, खालचा हिरवा देठ दाबून बघा. टणक असेल तर फूल ताजं. खंडेनवमीच्या संध्याकाळी फुलं आणून टोपलीत पसरून ठेवायची, पिशवीत कोंडायची नाहीत. जाड सुती दोरा दुहेरी घेऊन देठाच्या मधोमध सुई काढायची आणि दर पाच फुलांमागं आंब्याचं एक पान दुमडून ओवायचं. आमच्या साडेतीन फुटी चौकटीला दोन्ही बाजूंच्या लोंबत्या सरांसकट पाऊण किलो फुलं लागतात. तोरण वाळलं की फेकू नका. पाकळ्यांच्या तळाशी काळ्या काड्यांसारखं बी असतं. ते कागदाच्या पुडीत ठेवून जूनमध्ये परड्यात टाका.

आपट्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. दसऱ्याला अख्ख्या फांद्या तोडून आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानांचे ढीग पायदळी. बऱ्याचदा ती आपट्याची नसतातच, कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि लांबट. घरात माणसं जितकी, तितकी पानं पुरतात. आम्ही पाच घेतो. देवाला एक ठेवतो आणि उरलेली हातोहात फिरतात.

दसऱ्याच्या संध्याकाळी पै-पाहुणे घेऊन दसरा चौकात जा. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड. लहान मुलं असतील तर ऊन असतानाच कडेची जागा धरा. त्याआधी ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या, भेटीला जाते आणि तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. गर्दी सोसत नसेल तर त्या दिवशी पहाटेच टेंबलाईची टेकडी चढून दर्शन घ्या. वरून अर्धं गाव धुक्यात दिसतं.

बाहेर कुठं जायचं

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मसाई पठार चुकवू नका. पन्हाळ्याच्या पलीकडचं हे सड्याचं, म्हणजे सपाट कातळाचं, रान तेरड्यानं जांभळं आणि सोनकीनं पिवळं होतं. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा भेदून विशाळगडाकडं निघाले, ते याच पठारावरून. मुलांना हे तिथं उभं राहून सांगा. सकाळी आठच्या आत पोचा, दुपारी वर सावलीचं झाड सापडत नाही. पायात बूट हवेत, गवतात किडा-मुंगी असते. आणि फोटोसाठी फुलांत बसू नका. बसल्या जागी पुढच्या वर्षीचं बी मोडतं.

कोजागरीला गच्ची पुरे. दूध मात्र आम्ही गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर काढलेलं म्हशीचं आणतो. दोन लिटरचं दीड होईपर्यंत आटवायचं, जायफळ, चारोळी, केशर आणि साखर बेतानं. सजावट म्हणून एक चटई आणि परातीत शेवंती. गच्चीतला दिवा बंद ठेवला तरच चांदणं दिसतं.

मग येतो किल्ला. शरदात मुलांना घराबाहेर काढायचं याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही. दिवाळीच्या दोन आठवडे आधी एक रविवार पन्हाळ्यावर घालवा. कोल्हापूरहून वीस किलोमीटर. वही-पेन्सिल मुलांच्या हातात द्या आणि तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंधारबाव, अंबरखान्याच्या गंगा-यमुना-सरस्वती कोठ्या त्यांना बघून काढू द्या. माझा धाकटा पुतण्या पहिल्या वर्षी घरी आला तेव्हा त्याच्या वहीत फक्त अंबरखान्याच्या पायऱ्या होत्या, पण मोजून. त्या वर्षीच्या किल्ल्यावर त्यानं तेवढ्याच पायऱ्या केल्या, आगपेटीच्या काड्यांनी आखून.

किल्ल्याचा गाभा दगड-विटांचा. त्यावर जुनं तरट मातीच्या रबडीत बुडवून अंथरायचं. तरट हातानं दाबत खोबण्या पाडल्या की डोंगर खरा दिसतो. माती तांबडी घ्या, काळी वाळली की तडकते. वर पुन्हा चाळलेली माती पसरा आणि वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी हळीव पेरा. हळीव भिजल्यावर बुळबुळीत होऊन मातीला चिकटतं, म्हणून उतारावरूनही ओघळत नाही. मोहरी ओघळते. पाणी हाताच्या चुळक्यानं, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी हिरवी लव येते. मावळे कुंभाराकडून आणा, पणत्याही त्याच्याकडूनच. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी वाळवा, नाहीतर पणतीच अर्धं तेल पिते. आकाशकंदील घरीच करणार असाल तर कामट्या तासून घ्या, खळ मैद्याची करा आणि त्यात मोरचूद असेल तर ती मुलांच्या हातात देऊ नका. आत एलईडी बल्ब लावा, कागद तापत नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं भरात येतात. ओळखीच्या कुणाचं तरी गुऱ्हाळ असतंच. आधी विचारून, सकाळी जा. रस काहिलीत उकळताना त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहतात. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळतो आणि ती झाली की काहील उतरवा म्हणून हाक देतो. त्या घडीला जवळ उभं राहा, पण चुलवाणापासून चार हात लांब. घरून वाटी आणि कोरडी बाटली न्या. वाटी गरम गुळासाठी, बाटली काकवीसाठी. आणि गुऱ्हाळावरचं चिपाड पोतंभर मागून आणा, परड्यातल्या झेंडूच्या वाफ्यावर अंथरायला उत्तम.

९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव. देवी पश्चिमाभिमुख, त्यामुळं मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. आभाळ स्वच्छ असलं तरच हे जुळतं. सोहळा काही मिनिटांचाच, तेव्हा साडेचारच्या सुमारास आवारात असावं.

आणि त्रिपुरी पौर्णिमेला गजर तीनचा लावा. पंचगंगा घाटावर पहाटेच्या अंधारात पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागतात आणि त्या पाण्यात उलट्या दिसतात. थंडी असते, शाल घ्या. दिवाळीतल्या पणत्या, तेलाची छोटी बाटली आणि वाती घरून न्यायच्या. वात आधीच तेलात बुडवून ठेवलेली असली की वाऱ्यात चटकन धरते. पणती नदीत सोडू नका, पायरीवरच ठेवा. उजाडलं की विझलेल्या पणत्या गोळा करून आमच्यासारख्याच पिशवीतून परत आणा. त्या गरम पाण्यात शिकेकाईनं घासून, दोन दिवस उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. आमच्याकडं यातल्या अकरा पणत्या आत्याबाईंच्या हातच्या घासलेल्या आहेत. त्या अजून फुटलेल्या नाहीत.