प्रसामान्य वितरण समजून घेताना: उंची सोडा, क्षेत्रफळ मोजा

प्रसामान्य वितरण, म्हणजे ज्याला वर्गात सगळेच ‘नॉर्मल डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात, ते शिकवायला घेतले की बहुतेक जण फळ्यावर आधी एक घंटा काढतात, तिच्याखाली ६८, ९५ आणि ९९.७ हे तीन आकडे, म्हणजे सरासरीपासून एक, दोन आणि तीन प्रमाण विचलनांच्या आत येणाऱ्या टक्केवाऱ्या, लिहितात आणि पुढच्या तासाला थेट घंटेखालच्या क्षेत्रफळांचा तक्ता उघडतात. नागपुरात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की कोण कुठे अडखळणार हे आता आधीच कळते. ती जागा घंटा आणि तक्ता यांच्या मधोमध असते, आणि तिच्यासाठी पाठ्यपुस्तके दोन ओळींपेक्षा जास्त जागा खर्च करत नाहीत. सरासरी आणि प्रमाण विचलन काढता येते, असे गृहीत धरूनच पुढचे लिहीत आहे.

सुरुवात खऱ्या मोजमापांपासून करावी. हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की चार डझन संत्री घ्यावीत, मात्र ती छाटून प्रतवारी लावलेली नकोत, सरसकट ढिगातली हवीत. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेका फळाचे वजन करून दहा-दहा ग्रॅमचे वर्ग पाडावेत आणि ग्राफ पेपरवर आयतालेख, म्हणजे प्रत्येक वर्गासाठी एक खांब असलेला हिस्टोग्राम, काढावा. ४८ फळांचा आयतालेख खडबडीतच येतो, त्याची काळजी करू नये. हिशेब सोपा राहावा म्हणून आपल्या ढिगाची सरासरी १५० ग्रॅम आणि प्रमाण विचलन २० ग्रॅम आहे, असे मानू.

वजने मधोमध का गोळा होतात, हे थोडक्यात सांगता येते. फळाला मिळालेले पाणी, ऊन, फांदीवरची जागा, त्या फांदीवरच्या फळांची गर्दी अशी अनेक लहान कारणे एकमेकांत मिसळतात. ती बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्र असली आणि त्यांपैकी एकही बाकीच्यांवर कुरघोडी करत नसले, तर त्यांच्या बेरजेला घंटेचा आकार येतो. नाणेफेकीच्या हिशेबातून गणितज्ञ डि मॉयव्हर १७३३ मध्ये याच वक्रापाशी पोहोचला होता. गाउस या गणितज्ञाने खगोलीय निरीक्षणांतील चुकांसाठी तो १८०९ मध्ये वापरला, आणि नाव मात्र गाउसचे पडले.

आता खरी अडचण. आयतालेख वाचताना आपण उंच खांब म्हणजे जास्त फळे असे वाचतो, आणि वर्गांची रुंदी सारखी असेपर्यंत ते चालूनही जाते. हीच सवय घेऊन विद्यार्थी वक्राकडे येतो आणि १५० ग्रॅमवरची वक्राची उंची म्हणजे फळ १५० ग्रॅमचे असण्याची संभाव्यता, असा अर्थ लावतो. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो मनातून जाईपर्यंत पुढचे काहीही शिकू नये, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः पूर्ण एक वर्ष हाच अर्थ धरून बसलो होतो, गणिते पाठ केलेल्या पद्धतीने सुटत होती, म्हणून चूक लक्षातही आली नाही.

ती सवय मोडण्याचा एकच मार्ग मला खात्रीचा वाटतो. तुमच्या आयतालेखात १४० ते १५० या वर्गात ९ फळे आणि १५० ते १६० या वर्गात १० फळे आली आहेत, असे समजा. आता हे दोन वर्ग एकत्र करून १४० ते १६० असा एकच वर्ग करा. त्यात १९ फळे झाली, म्हणजे खांबाची उंची एकदम दुप्पट झाली, पण ढिगातले एकही संत्रे बदललेले नाही! जी उंची आपण वर्ग कसे पाडले यावर अवलंबून असते, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून उंची म्हणून फळांची संख्या घेऊ नये. वर्गातल्या फळांचे एकूण फळांशी असलेले प्रमाण वर्गाच्या रुंदीने भागावे आणि येणारा आकडा उंची म्हणून घ्यावा. १९ भागिले ४८ म्हणजे सुमारे ०.३९६, आणि त्याला २० ग्रॅमने भागले की प्रति ग्रॅम ०.०१९८. आधीच्या दोन खांबांची उंचीही याच पद्धतीने ०.०१८८ आणि ०.०२०८ अशी, म्हणजे आसपासच येते. आता उंची वर्ग पाडण्याच्या पद्धतीवर नाचत नाही, आणि प्रमाण हवे असेल तेव्हा उंची गुणिले रुंदी, म्हणजे खांबाचे क्षेत्रफळ काढावे लागते. घंटेचा वक्र याच आयतालेखाच्या माथ्यावरून जातो. त्याची उंची ही संभाव्यता नसून घनता आहे.

एवढ्यावरही पटले नाही, तर तीच संत्री किलोग्रॅममध्ये लिहून पाहावीत. ग्रॅममध्ये प्रमाण विचलन २० असल्यामुळे वक्राची सर्वांत जास्त उंची ०.३९८९ भागिले २०, म्हणजे सुमारे ०.०१९९ येते. किलोग्रॅममध्ये तेच विचलन ०.०२ होते आणि उंची जवळजवळ २० वर जाते. संभाव्यता १ पेक्षा जास्त असूच शकत नाही, त्यामुळे २० ही संभाव्यता नव्हे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मात्र काटा १५० दाखवतो तेव्हा फळ १४९.५ ते १५०.५ ग्रॅमच्या मध्ये असते. त्या एका ग्रॅमच्या पट्टीचे क्षेत्रफळ ०.०१९९ गुणिले १, आणि किलोग्रॅममध्ये १९.९ गुणिले ०.००१, दोन्हीकडे उत्तर सुमारे २ टक्केच. एकक बदलले की उंची बदलते, क्षेत्रफळ बदलत नाही. आणि पट्टीची रुंदी शून्य केली, म्हणजे दशांशाच्या शेवटच्या स्थळापर्यंत नेमके १५० ग्रॅम असे विचारले, तर क्षेत्रफळही शून्यच होते; हे ऐकून मुले हसतात, पण यात गूढ काहीच नाही.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी इथेच सावध व्हावे. एक्सेलमधील ‘नॉर्म.डिस्ट’ या सूत्रात शेवटच्या जागी ‘ट्रू’ लिहिले की डावीकडचे क्षेत्रफळ मिळते, ‘फॉल्स’ लिहिले की त्या बिंदूवरची उंची मिळते. संभाव्यता हवी असताना ‘फॉल्स’ लिहिलेले प्रकल्प मी दर वर्षी तपासतो, आणि यंत्राने दिलेले उत्तर चुकेल कसे, असा वाद दर वर्षी ऐकतो.

पुढचे सोपे आहे. वजनातून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले की झेड मिळतो, म्हणजे ते वजन सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते कळते. १७५ ग्रॅमच्या फळासाठी तो २५ भागिले २०, म्हणजे १.२५.

तक्त्यापाशी मात्र आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात मी पडलो आहे. काही पुस्तकांतील तक्ता मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचे क्षेत्रफळ देतो, १.२५ साठी तो ०.३९४४ दाखवतो. काही पुस्तकांतील तक्ता डावीकडच्या टोकापासूनचे सगळे क्षेत्रफळ देतो, त्यात १.२५ पुढे ०.८९४४ लिहिलेले असते. मी पहिल्या प्रकारच्या तक्त्यावर शिकलो होतो, त्यामुळे ०.५ मिळवायची सवय हाताला लागली होती. परीक्षेत दुसऱ्या प्रकारचा तक्ता मिळाला, मी त्यातही ०.५ मिळवले आणि १.३९४४ ही संभाव्यता दुहेरी रेघ मारून, चौकटीत लिहून आलो. तेव्हापासून कोणताही नवा तक्ता हाती आला की मी आधी झेड शून्यापुढचा आकडा पाहतो: तिथे शून्य असेल तर तक्ता पहिल्या प्रकारचा, ०.५ असेल तर दुसऱ्या प्रकारचा. याला पाच सेकंद लागतात. आणि प्रत्येक गणिताआधी घंटा काढून हवा तो भाग पेन्सिलने रंगवावा. आकृती न काढता सूत्रांच्या जोरावर उत्तर काढण्याचा सल्ला जे देतात, त्यांनी बहुधा फार उत्तरपत्रिका तपासलेल्या नसतात.

१७५ ग्रॅमपेक्षा जड फळाची संभाव्यता १ वजा ०.८९४४, म्हणजे ०.१०५६, म्हणून ४८ फळांत अशी साधारण पाच फळे अपेक्षित आहेत. १३० ते १७५ ग्रॅमसाठी १३० चा झेड –१ येतो, त्याच्या डावीकडचे क्षेत्रफळ ०.१५८७ हे ०.८९४४ मधून वजा करावे; ०.७३५७ येते. उलट प्रश्न, म्हणजे सर्वांत हलकी १० टक्के फळे कोणत्या वजनाखाली, हा आला तर झेड वजा १.२८ घ्यावा, उत्तर सुमारे १२४.४ ग्रॅम. ऋण चिन्ह विसरले तर १७५.६ येते, आणि सर्वांत हलकी फळे सरासरीपेक्षा जड कशी, हे आकृतीने तत्काळ विचारलेच असते.

तक्ता उघडण्याआधी आपली माहिती या वक्राला शोभते का, हे तपासायलाच हवे. ४८ पैकी सुमारे ३३ फळे १३० ते १७० च्या मध्ये आणि सुमारे ४६ फळे ११० ते १९० च्या मध्ये यायला हवीत. एकदोन फळांचा फरक खपवून घ्यावा, मोठा फरक खपवू नये. प्रतवारी लावलेल्या पेटीतली फळे या परीक्षेत नापास होतात, कारण तिची दोन्ही टोके आधीच छाटलेली असतात. नागपूरच्या वर्षभराच्या रोजच्या तापमानाचेही तेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या रात्री हुडहुडी भरते. एवढे वेगळे ऋतू एका ढिगात टाकले की एका घंटेची अपेक्षा धरता येत नाही. तरीही सरासरी निघते, झेड निघतो आणि तक्ता निमूटपणे आकडा देतो. तापमानच घ्यायचे असेल तर अनेक वर्षांचे फक्त मे महिन्याचे कमाल तापमान घ्यावे, त्याचा आयतालेख काढावा आणि तो पाहूनच तक्त्याला हात लावायचा की नाही हे ठरवावे.