बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा रिसर्च घरच्या माणसासाठी कसा वाचायचा

ताई बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीची, म्हणजे वजन कमी करायच्या पोटाच्या ऑपरेशनची, चौकशी करायला गेली तेव्हा तिच्या हातात एका हॉस्पिटलच्या काउन्सेलरने चकचकीत कागद दिला, त्यावर मोठ्या अक्षरात ७०% वजन कमी, आणि ताई तेव्हा १२० किलोची, तर तिने रिक्षातच हिशोब केला की ८४ किलो जाणार म्हणजे मी ३६ किलोची होणार. कॉलेज रोडवरून इंदिरानगरला घरी येईपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईचा गोंधळ होतो तर बाकीच्यांचं काय होत असेल, म्हणून आम्ही नंतर तीन महिने रोज रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर रिसर्च पेपर, म्हणजे डॉक्टरांचे छापून आलेले अभ्यास, घेऊन बसलो, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण नाशकात आता ही ऑपरेशन्स बरीच होतात आणि घरोघरी हाच प्रश्न येतोय.

सगळ्यात आधी टक्केवारी कशाची आहे ते बघा. सर्जरीच्या पेपरात दोन आकडे असतात, एक जादा वजनातलं किती गेलं आणि दुसरा एकूण वजनातलं किती गेलं. ताईची उंची १६० सेमी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा) २५ धरला तर तिचं वजन ६४ हवं, म्हणजे जादा झालं ५६ किलो. समजा ३५ किलो उतरले, तर पहिल्या हिशोबाने ते ६२% होतात आणि दुसऱ्या हिशोबाने २९%. माणूस तोच, किलो तेवढेच. जाहिरातीच्या कागदावर नेहमी मोठा आकडा छापलेला असतो. डॉक्टरांना सरळ विचारा की किलोमधे सांगा, आणि कितव्या वर्षी ते पण सांगा.

कितव्या वर्षी हे का, तर वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली जातं आणि मग थोडं परत चढतं. स्वीडनचा एसओएस नावाचा मोठा अभ्यास आहे, १९८७ ला सुरू झाला, २०१० जणांची सर्जरी आणि त्यांच्यासारखेच २०३७ जण सर्जरीशिवाय. त्यात बायपासवाल्यांचं (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या ३२% गेलं होतं, दहाव्या वर्षी ते २५% वर आलं. हे वाईट नाही हो, दहा वर्षांनी पाव वजन कमी राहणं ही फार मोठी गोष्ट आहे, सर्जरी न केलेल्या ग्रुपमधे जवळपास काहीच फरक पडला नव्हता. पण मनात ३२ धरून बसलात तर पाचव्या वर्षी उगाच वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

याच अभ्यासात अजून एक शिकण्यासारखं आहे. सर्जरीवाल्यांचं आयुष्य तशाच जाड पण सर्जरी न केलेल्यांपेक्षा सरासरी ३ वर्षांनी जास्त निघालं, हे २०२० ला छापून आलं, पण तिथेच लिहिलंय की सर्वसाधारण लोकांपेक्षा ते तरीही ५.५ वर्षांनी कमीच होतं. पहिलं वाक्य सगळे सांगतात, दुसरं कोणी सांगत नाही. आणि त्यात बहुतेकांची जी सर्जरी झाली होती, पोटाला उभे टाके मारून पट्टी घालायची, ती आता जवळजवळ कोणी करत नाही. म्हणून पेपर उघडला की आधी बघायचं ऑपरेशन कुठलं. स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचे फायदे दुसऱ्याला चिकटवायचे नाहीत.

आमचा निर्णय खरं तर इथेच फिरला. ताईला आधी स्लीव्ह सांगितली होती, त्यात पोटाचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त कापून कायमचा काढतात. पण तिला वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटी, मिसळ खाल्ली की रात्री दोन उशा घेऊन झोपायची. आम्हाला फिनलंडचा स्लीव्हपास नावाचा अभ्यास मिळाला, २४० पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी करून काहींची स्लीव्ह काहींची बायपास, आणि १० वर्षांनी एन्डोस्कोपी केली तर अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१% जणांना आणि बायपासवाल्यांत ७% जणांना. मी ते पान प्रिंट काढून सर्जनकडे घेऊन गेलो. ते चिडले नाहीत, शांतपणे वाचलं, ताईची एन्डोस्कोपी करून घेतली आणि मग बायपास ठरली. पेपर वाचून आपण डॉक्टर होत नाही, पण डॉक्टरला योग्य प्रश्न विचारता येतो.

शुगरसाठी करणार असाल तर 'शुगर बरी झाली' म्हणजे नक्की काय धरलंय ते शोधा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा स्टॅम्पीड नावाचा अभ्यास, १५० जण, ५ वर्षं. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) ६ किंवा त्याखाली आलेले बायपासमधे २९%, स्लीव्हमधे २३%, फक्त औषधांवर ५%. पहिल्या वर्षी हेच आकडे ४२, ३७ आणि १२ होते. आणि यात गोळ्या चालू असलेले पण मोजलेत, म्हणजे ६ च्या खाली आला म्हणजे गोळ्या सुटल्या असं नाही. तरी सर्जरी औषधांपेक्षा कितीतरी पुढे आहे हे स्पष्ट दिसतं, आणि १५० पैकी १३४ जण पाचव्या वर्षापर्यंत मोजणीत होते म्हणून मला या अभ्यासावर भरवसा वाटतो.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती उरले. ताईने वहीत दोन रकाने आखले होते, 'सुरू' आणि 'उरले', प्रत्येक पेपरचे हे दोन आकडे आधी लिहायची आणि मगच पुढे वाचायची. समजा ४०० जणांची सर्जरी झाली आणि पाचव्या वर्षी ९० जणच तपासणीला आले, तर त्या ९० जणांचं वजन छान असणारच, ज्यांचं परत वाढलं ते लाजेने फिरकतच नाहीत. सर्जनला पण हेच विचारा, तुमच्याकडे ५ वर्षांपूर्वी झालेल्या पेशंटपैकी या वर्षी किती जण आले.

धोक्याचा आकडा किती दिवसांचा आहे ते पण बघा. अमेरिकेतल्या लॅब्स अभ्यासात ४७७६ जणांत ३० दिवसांत मृत्यू ०.३%, म्हणजे हजारात ३, हे कमीच आहे. पण व्हिटॅमिन बी-१२ घसरणं, लोह कमी होणं, पित्ताचे खडे, हे ३० दिवसांनंतरचे विषय आहेत.

पेपर शोधायला पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या वेबसाइटवर जा, ऑपरेशनचं नाव आणि सोबत ५ इयर इंग्रजीत टाका, 'फ्री फुल टेक्स्ट' म्हणजे फुकट पूर्ण पेपर, त्या पर्यायावर खूण करा. विकत घ्यावा लागत असेल तर घाई नको, आपल्या म्हसरूळला आरोग्य विद्यापीठच आहे, ओळखीत कोणीतरी मेडिकलला शिकणारं निघतंच. भारतातले चालू अभ्यास सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर दिसतात. परदेशी पेपरात बीएमआयची अट बघा, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत बाकीच्यांना ३५ पण आशियाई लोकांना २७.५ पासून सर्जरीचा विचार करा म्हणलंय, कारण आपली चरबी पोटावर लवकर साठते. इन्शुरन्सचा नियम मात्र वेगळा, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास. पॉलिसी आधी वाचा, मग तारीख घ्या, दाजींची यात फार धावपळ झाली.

आणि पेपरात जे एका ओळीत लिहितात, 'आहाराचे पालन', ते घरी कसं असतं ते सांगतो. लहान स्टीलची वाटी, त्यात घट्ट वरण आणि मऊ पनीर, बाळाला भरवतो तो चमचा, आणि अर्धा तास. पाणी जेवताना नाही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन, आणि शाकाहारी घरात ते जमवायला खरंच दमछाक होते, आम्ही पहिले दोन महिने दह्याचा चक्का रोज घरी टांगायचो. सारखी उलटी होत असेल तर 'होईल कमी' म्हणून घरी बसू नका, व्हिटॅमिन बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होतो, त्याच दिवशी सर्जनकडे जा. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मधे २ तास हवेत, म्हणून ताईने एक डबी देवघरात ठेवलीये, सकाळी दिवा लावला की घ्यायची, आणि दुसरी किचनमधे मिठाच्या बरणीशेजारी.