'किंकर्तव्यमूढ' हा शब्द नेमका कसा वापरावा

'किंकर्तव्यमूढ' हा शब्द योग्य जागी वापरायचा असेल, तर आधी तो फोडून पाहावा. 'किम्' म्हणजे काय, 'कर्तव्य' म्हणजे 'कृ' धातूला 'तव्य' प्रत्यय लागून झालेले 'करावयाचे ते', आणि 'मूढ' हे 'मुह्' धातूचे रूप. मराठीत एकटा 'मूढ' मूर्खाला उद्देशून येतो, म्हणून अनेकांना या समासातही हेटाळणी ऐकू येते. ती येथे मुळीच नाही. 'मोह' आणि 'मुग्ध' हेही त्याच धातूचे, आणि भान हरपणे हाच त्यांचा मूळ अर्थ. आता काय करावे, या प्रश्नापाशी ज्याची बुद्धी थिजली, तो किंकर्तव्यमूढ.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला अर्जुन हे या अवस्थेचे सर्वांत स्पष्ट चित्र आहे. जिंकणे आणि हरणे यांपैकी आपल्यासाठी श्रेयस्कर काय तेच कळत नाही, असे तो सहाव्या श्लोकात म्हणतो आणि सातव्यात स्वतःला 'धर्मसंमूढचेताः', म्हणजे धर्म कोणता याविषयी चित्त गोंधळलेला, म्हणवतो. त्याला युद्धकला ठाऊक आहे, समोरची माणसेही ओळखीची आहेत. अडला आहे तो फक्त निर्णय.

म्हणूनच हा शब्द केवळ आश्चर्यासाठी वापरू नये. 'जादूगाराचा खेळ पाहून प्रेक्षक किंकर्तव्यमूढ झाले' हे वाक्य चुकीचे आहे, कारण प्रेक्षकांना काही करायचेच नव्हते. ते थक्क झाले. अनोळखी गर्दीत मूल भांबावते, अनपेक्षित आरोपाने माणूस अवाक् होतो. याउलट, 'पुराचे पाणी उंबऱ्याशी आले, तेव्हा गोठ्यातली गुरे आधी सोडावीत की बियाणे माळ्यावर चढवावे, या पेचात तो क्षणभर किंकर्तव्यमूढ झाला' येथे शब्द चपखल बसतो. 'काय करावे ते न कळून तो किंकर्तव्यमूढ झाला' असे मात्र लिहू नये, कारण त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

लिहिताना 'मू' दीर्घ ठेवावा. हिंदीत रूढ असलेल्या 'किंकर्तव्यविमूढ़' या रूपातला 'वि' आणि 'ढ'खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, मराठीत नको. लिंगवचनाने रूप बदलत नाही, आणि भाववाचक नाम 'किंकर्तव्यमूढता' असे होते. कथेतल्या पात्राच्या तोंडी मात्र हा भारदस्त शब्द सहसा घालू नये. तेथे 'मला काही सुचेनासंच झालं' हेच खरे वाटते.